नॅनोसेल्युलोज, कायटोसन की पीएलए? आधी पाण्याशी ओळख करून घ्या

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "रसायनशास्त्रात एम.एस्सी. संपत आलंय. पीएच.डी.साठी स्मार्ट जैवआधारित पॉलिमर आणि नॅनोमटेरियल्स हा विषय घ्यायचा आहे. नॅनोसेल्युलोज, कायटोसन आणि पीएलए यांपैकी कशाला पुढे जास्त वाव आहे? आणि यात खरंच करिअर होतं, की नुसते पेपर छापले जातात?"

तुम्ही तीन नावं दिलीत (नॅनोसेल्युलोज म्हणजे वनस्पतींतल्या सेल्युलोजचे नॅनोमीटर मापाचे कण आणि तंतू, कायटोसन म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून मिळणारा पॉलिमर, पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, लॅक्टिक आम्लापासून केलेलं प्लास्टिक) आणि त्यांतलं एक निवडून मागितलंत. तेही सांगेन, पण शेवटी. पदार्थ कोणता घ्यायचा यापेक्षा मोठा निर्णय तुमच्यासमोर आहे. पीएच.डी.ची वर्षं आणि त्यानंतरचीही बरीच वर्षं कोणत्या कोड्याच्या मागे लागायचं, हे तुम्हाला ठरवायचं आहे. या क्षेत्रात ज्यांचं काम टिकलेलं मी पाहिलं, त्यांनी पदार्थ वेळोवेळी बदलले. स्टार्चवरून सेल्युलोजकडे गेले, सेल्युलोजवरून लाकडातल्याच लिग्निनकडे. हातातला प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. उलट, "आमचा विषय अमुक पदार्थ" असं म्हणत राहिलेल्यांची पंचाईत त्या पदार्थाची लाट ओसरल्यावर झाली.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. प्रयोगशाळेत कोणती उपकरणं आहेत, गाइड किती वेळ देतात, फेलोशिप किती वर्षं पुरेल, तुमचा जीव फ्लास्कमध्ये नवा रेणू घडवण्यात रमतो की घडलेल्या पदार्थाचं वागणं मोजण्यात. यावर उत्तर बरंच बदलतं. मी पॉलिमरच्या संश्लेषणातून या क्षेत्रात आले आणि हळूहळू मोजमापाकडे सरकले. माझा कल त्या बाजूचा आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण बऱ्याच संशोधन प्रस्तावांची अडचण पहिल्याच वाक्यात होते. "जैवआधारित" म्हणजे त्यातला कार्बन अलीकडच्या काळात जिवंत असलेल्या वनस्पतीतून किंवा जीवातून आला. हे तपासताही येतं. खनिज तेलात कार्बन-14 उरलेला नसतो आणि ताज्या वनस्पतीत असतो, त्यामुळे कार्बन-14 मोजून पदार्थात जैविक कार्बन किती ते सांगता येतं. एएसटीएम डी6866 ही चाचणी त्याचसाठी आहे. "जैवविघटनशील" म्हणजे सूक्ष्मजीव त्याचं पचन करू शकतात. या दोन गुणांचा एकमेकांशी बांधलेला संबंध नाही. नायलॉन-11 एरंडेल तेलापासून बनतो, पूर्ण जैवआधारित आहे, आणि इतका टिकाऊ की मोटारींच्या इंधननळ्यांत वापरतात. उसाच्या अल्कोहोलपासून केलेलं पॉलिएथिलीन हे शेवटी पॉलिएथिलीनच, ते कुजत नाही. दुसऱ्या टोकाला पीबीएटी आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोन ही पॉलिएस्टर प्लास्टिकं. हे दोन्ही साधारणपणे खनिज तेलातून येतात आणि तरी सूक्ष्मजीव ते खातात.

पीएलए या दोहोंच्या मधलं आहे आणि म्हणून सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याबद्दल. त्याचं ग्लास ट्रान्झिशन तापमान, म्हणजे ज्याच्या वर पॉलिमरच्या गोठलेल्या साखळ्या हलू लागतात ते तापमान, 60 अंश सेल्सियसच्या आसपास आहे. औद्योगिक कंपोस्टिंग 58 अंशांच्या सुमारास चालतं आणि तिथे ते व्यवस्थित मोडतं. युरोपातलं ईएन 13432 हे मानक म्हणतं की नियंत्रित कंपोस्टिंगमध्ये जास्तीत जास्त सहा महिन्यांत किमान 90% विघटन व्हायला हवं. तोच पीएलएचा तुकडा थंड समुद्रात पडला तर वर्षानुवर्षं राहू शकतो, कारण त्या तापमानाला साखळ्या जवळजवळ गोठलेल्या असतात आणि पाण्याला त्यांतले एस्टर बंध तोडायला फार वेळ लागतो. त्यामुळे "हे विघटनशील आहे" असं वाक्य लिहिताना कुठे, किती तापमानाला आणि किती काळात, हे सोबत लिहायची सवय आत्ताच लावा.

"स्मार्ट" या शब्दालाही हीच शिस्त हवी. पदार्थ कशामुळे बदलतो, बदलतो म्हणजे नेमकं काय होतं, तो परत मूळ स्थितीत येतो का, किती वेळात येतो आणि किती वेळा येऊ शकतो? ही उत्तरं नसतील तर त्या पदार्थाला मी स्मार्ट म्हणत नाही. पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइड 32 अंशांच्या आसपास पाण्यातून बाहेर पडतं आणि थंड केलं की पुन्हा विरघळतं. या वर्गातलं हे सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण, आणि ते जैवआधारित नाही. जैवआधारित आणि स्मार्ट हे दोन्ही एकाच पदार्थात आणणं अवघड का, याचं कारण म्हणजे पाणी. उरलेल्या उत्तराचा बराचसा भाग त्यावरच आहे.

जिवंत शरीरातून आलेले बहुतेक पॉलिमर पाण्यात जन्मतात. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. कायटोसनवर त्यांच्या जोडीला अमाइन गट. प्रथिनांवर अमाइड. हे सगळे हवेतलं पाणी धरून ठेवतात. 65% सापेक्ष आर्द्रतेला कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण 8.5% पाणी घेतो, तर पॉलिएस्टर जेमतेम 0.4%. एवढ्या एका फरकात तुमच्या पुढच्या करिअरच्या बहुतेक अडचणी आणि बहुतेक संधी आहेत. पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून त्यांचे आपसातले हायड्रोजन बंध सैल करतात, ग्लास ट्रान्झिशन तापमान खाली आणतात, फिल्म मऊ करतात. म्हणून कायटोसनची किंवा स्टार्चची फिल्म कोरड्या दिवशी काचेसारखी तडकते आणि दमट दिवशी रबरासारखी ताणली जाते, रासायनिक घटक तेच असले तरी. दोन विद्यार्थ्यांनी एकच फिल्म बनवली आणि दोघांची ताणशक्ती वेगळी आली, की पहिला संशय मी खोलीतल्या हवेवर घेते.

यावर उपाय महागडा नाही आणि तो जुना आहे. झाकणबंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की वरच्या हवेची आर्द्रता ठरलेल्या पातळीवर स्थिर होते. 25 अंशांना मॅग्नेशियम क्लोराइडवर सुमारे 33%, मॅग्नेशियम नायट्रेटवर 53%, साध्या मिठावर 75%, पोटॅशियम सल्फेटवर 97%. वजन स्थिर होईपर्यंत सॅम्पल त्यात ठेवायचं आणि मगच चाचणीला न्यायचं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हे डबे तयार करायला लावते. हे काम किरकोळ वाटतं, पण या डब्यांशिवाय मोजलेल्या आकड्यांवर उभा केलेला निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेत उभा राहत नाही.

पीएलए पाणी फार शोषत नाही, पण त्यालाही सुटका नाही. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रात, घालण्याआधी दाणे इतके सुकवावे लागतात की पाण्याचं प्रमाण 250 पीपीएम, म्हणजे 0.025% च्या खाली जाईल. नाहीतर 200 अंशांच्या आसपासच्या वितळलेल्या द्रवात तेवढं पाणीसुद्धा साखळ्या कापतं, रेणूभार घसरतो आणि बाहेर येणारा धागा ठिसूळ निघतो. नॅनोसेल्युलोज पाण्यात राहायला आवडणारा आणि पीएलए पाण्याने मोडणारा. या दोघांचं मिश्रण करायचं म्हणजे काय, हे आता तुमच्या लक्षात येईल. या जोडीवर एवढं संशोधन होऊनही तिचा साधा, स्वस्त तोडगा सगळीकडे पोचलेला नाही, यामागे हेच आहे.

नॅनोसेल्युलोजबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण संपूर्ण क्षेत्राची गुंतागुंत त्या एका पदार्थात दिसते. झाडाच्या पेशीभित्तीत सेल्युलोजच्या साखळ्या शेजारी शेजारी रचून काही नॅनोमीटर जाडीचे तंतुक बनलेले असतात. त्यात सुव्यवस्थित स्फटिकी भाग असतात आणि विस्कळीत भागही. 1949 च्या सुमारास रॉनबी या संशोधकांनी सल्फ्युरिक आम्लाने त्यातला विस्कळीत भाग खाऊन टाकला आणि स्फटिकी कणांचं स्थिर कलिल (द्रवात तरंगत राहणाऱ्या बारीक कणांचं मिश्रण) मिळवलं. आज प्रयोगशाळेत बहुधा 64% आम्ल, 45 अंश आणि तासाच्या आतबाहेरचा वेळ वापरतात. लाकडापासून मिळणारे स्फटिक काही नॅनोमीटर रुंद आणि साधारण 100 ते 200 नॅनोमीटर लांब असतात. आम्ल जाता जाता कणांच्या पृष्ठभागावर सल्फेटचे ऋणभारित गट सोडून जातं. त्या भारामुळे कण एकमेकांना दूर ढकलतात आणि द्रावण महिनोनमहिने गाळ न होता राहतं. पण तेच सल्फेट गट उष्णतेत घात करतात: कण लवकर करपायला लागतात. एकाच क्रियेतून एक गुण आणि एक दोष, दोन्ही येतात. पुढे आलेल्या टेम्पो नावाचा उत्प्रेरक वापरणाऱ्या ऑक्सिडेशनच्या पद्धतीत सल्फेटऐवजी कार्बोक्सिलेट गट बसतात आणि अवघे 3 ते 4 नॅनोमीटर रुंद, लांबलचक तंतुक सुटे होतात. जपानमधल्या आकिरा इसोगाई, त्सुगुयुकी साइतो आणि योशिहारू निशियामा यांना त्या कामासाठी 2015 मध्ये मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालं.

आता प्रत्येक पेपरच्या प्रस्तावनेत येणारा आकडा: सेल्युलोज स्फटिकाचा लांबीच्या दिशेतला मॉड्युलस (ताठरपणाचं माप) 130 ते 150 गिगापास्कल. आकडा खरा आहे. पण तो एका परिपूर्ण स्फटिकाचा, एका दिशेतला आहे. तुम्ही 5% स्फटिक पॉलिमरमध्ये घातले तर त्याचा किती वाटा हाती लागेल, हे दोन गोष्टींवर ठरतं. कण सुटे आहेत की गुठळ्या झाल्या आहेत, आणि कणांचा एकमेकांना स्पर्श होणारं जाळं पूर्ण झालं आहे का? जाळं कधी पूर्ण होतं याचा ढोबळ अंदाज लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून निघतो. 0.7 ला त्या गुणोत्तराने भागा. गुणोत्तर 70 असेल तर सुमारे 1% आकारमान पुरतं, 20 असेल तर साडेतीन टक्के लागतं. 1990 च्या दशकात फ्रान्समधल्या गटाने समुद्री ट्युनिकेट प्राण्यापासून मिळवलेले लांब स्फटिक लेटेक्समध्ये मिसळून हे दाखवलं. रबरी अवस्थेत त्या मिश्रणाचा ताठरपणा नुसत्या भरणपदार्थाच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघाला, आणि त्याचं कारण हायड्रोजन बंधांनी जोडलेलं कणांचं जाळं हे होतं.

इथे पुन्हा पाणी आलंच. जाळं हायड्रोजन बंधांनी धरलेलं असेल, तर पाणी ते सोडवणार. कागद भिजला की फाटतो त्यामागचं कारणही हेच. बराच काळ सगळ्यांनी याकडे दोष म्हणून पाहिलं: पाणी आत येऊच नये म्हणून पृष्ठभाग एस्टर करून, सिलेन हे सिलिकॉनयुक्त रसायन लावून बंद करायचा. 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने उलट दिशेने विचार केला. समुद्री काकडी नावाचा प्राणी धोका जाणवला की आपली कातडी काही सेकंदांत कडक करतो. त्या कातडीत ताठ तंतुक असतात आणि त्यांच्यातली पकड रासायनिक इशाऱ्यावर घट्ट किंवा सैल होते. या संशोधकांनी मऊ पॉलिमरमध्ये ट्युनिकेटचे सेल्युलोज स्फटिक घातले. कोरडा असताना पदार्थाचा मॉड्युलस सुमारे 800 मेगापास्कल होता, पाणी आत गेल्यावर तो सुमारे 20 वर आला, आणि सुकवल्यावर ताठरपणा परत आला. पाणी हाच इथे स्विच झाला. हे काम वाचल्यावर माझा या क्षेत्राकडे पाहण्याचा दृष्टिकोन कायमचा बदलला. ज्या गोष्टीला आपण अडचण म्हणतो, ती नीट मोजली, तिचा वेग आणि मर्यादा कळल्या, तर तिच्याभोवतीच पदार्थ रचता येतो. तुम्ही विचारलेल्या "स्मार्ट जैवआधारित" या जोडशब्दाला माझ्या मते सर्वांत प्रामाणिक अर्थ इथे मिळतो.

स्मार्टपणाचा दुसरा मार्ग रासायनिक बंधांतून जातो. तुमचा पाया रसायनशास्त्राचा असल्यामुळे तो तुम्हाला जवळचा वाटेल. फरफ्युरल हे वनस्पतींच्या हेमिसेल्युलोजमधून मिळतं आणि त्याचं औद्योगिक उत्पादन 1920 च्या दशकापासून होतंय. त्यातून मिळणारं फ्युरानचं कडं मलेइमाइडबरोबर डील्स-आल्डर क्रिया (दोन रेणू जोडून नवं कडं बनवणारी) करतं आणि तापवलं की, साधारण 110 अंशांच्या पुढे, ती क्रिया उलट फिरते. म्हणजे जाळीदार, पक्का पॉलिमर गरम करून सैल करायचा, तडा बुजवायचा आणि थंड करून पुन्हा जोडायचा. दुसरा रस्ता व्हिट्रिमरचा. 2011 मध्ये लुडविक लाइब्लर यांच्या गटाने इपॉक्सीचं असं जाळं दाखवलं, ज्यातले एस्टर बंध उष्णतेत आपसात जागा बदलतात आणि बंधांची एकूण संख्या तेवढीच राहते. त्यातल्या एका मऊ प्रकारात मेदाम्लं वापरली होती, म्हणजे वनस्पती तेलांना इथे थेट प्रवेश आहे. दोन सावधगिऱ्या बाळगा. फ्युरान जैवआधारित असलं तरी समोरचं मलेइमाइड बहुधा खनिज तेलातूनच येतं, म्हणून एकूण जैविक कार्बन किती ते मोजून सांगा. आणि एस्टर बंध म्हटलं की पाणी त्यांना तोडू शकतं. कोरड्या नायट्रोजनमध्ये सुंदर जुळणारा पदार्थ दमट गरम हवेत काही महिन्यांनी कसा वागतो, हा प्रयोग फार थोडे लोक करतात. तुम्ही केलात तर त्याला किंमत आहे.

आता कच्च्या मालाचा मुद्दा, जो पाठ्यपुस्तकात जवळजवळ नसतो. तुम्ही एम.एस्सी.त बाटलीतून काढलेलं रसायन वापरलंत आणि लेबलवरची शुद्धता मानलीत. कायटोसनच्या बाटलीवर तसा भरवसा ठेवता येत नाही. ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून येतं. अ‍ॅसिटिल गट किती काढले, रेणूभार किती राहिला, खनिजं आणि प्रथिनं किती उरली, हे बॅचगणिक बदलतं. अमाइनचा पीकेए (ज्या पीएचच्या खाली तो गट मुख्यतः धनभारित असतो तो आकडा) साडेसहाच्या आसपास असल्याने ते सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात विरघळतं, पण किती विरघळेल आणि द्रावण किती दाट होईल ते या आकड्यांवर असतं. लिग्निनचं तर विचारू नका. झाड कोणतं आणि लगदा करण्याची प्रक्रिया कोणती, यावर ते जवळपास वेगळाच पदार्थ बनतं. म्हणून प्रत्येक नवी बॅच आली की मूलभूत तपासणी स्वतः करायची, आणि प्रबंधाला पुरेल एवढा माल एकाच बॅचमधून आधीच बाजूला ठेवायचा. यापेक्षाही पुढचं पाऊल म्हणजे या बदलालाच प्रश्न बनवणं: कच्चा माल एवढा बदलला तर अंतिम गुण किती बदलतो? उद्योगातले लोक हा प्रश्न पहिल्या भेटीत विचारतात आणि त्याचं उत्तर आकड्यांत देणारा उमेदवार त्यांच्या लक्षात राहतो.

मोजमापाबद्दल थोडंच सांगते, नाहीतर लेख तिकडेच जाईल. डीएससीच्या (नमुना तापवताना उष्णता मोजणाऱ्या उपकरणाच्या) पहिल्या तापवणीत नमुन्याचा इतिहास आणि त्यातलं पाणी दिसतं, दुसऱ्या तापवणीत पॉलिमरचा मूळ स्वभाव. दोन्ही दाखवा, सोयीची एकच नको. एक्स-रे विवर्तनातून सेल्युलोजची स्फटिकता काढायची 1959 ची सेगल पद्धत सोपी आहे म्हणून सगळे वापरतात, पण ती फक्त तुलनेपुरती ठीक आहे, निरपेक्ष टक्केवारी म्हणून नाही. एएफएममध्ये (बारीक सुईने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) नॅनोतंतूची रुंदी सुईच्या टोकाच्या जाडीमुळे फुगलेली दिसते, त्यामुळे जाडी उंचीवरून घ्या. आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एक सुरेख चौकट सापडली म्हणून कण सर्वत्र तसेच पसरले आहेत असं समजू नका. वाहत्या अवस्थेतली ऱ्हिऑलॉजी (पदार्थ कसा वाहतो याचं मोजमाप) संपूर्ण नमुन्याबद्दल बोलते. मला विचाराल तर या क्षेत्रात सर्वांत कमी वापरलं गेलेलं आणि सर्वांत जास्त सांगणारं उपकरण तेच.

करिअरच्या प्रश्नाकडे येते. "भविष्य आहे का" याचं उत्तर इतिहासातून जास्त नीट मिळतं. पीएचबी हा जिवाणूंच्या पोटात तयार होणारा पॉलिएस्टर मॉरिस लेमॉइन यांनी 1926 मध्ये ओळखला. बाजारात तो आला 1980 च्या दशकात, आणि आजही त्याची मुख्य अडचण तीच: तो 175 ते 180 अंशांना वितळतो आणि त्याच्या थोडंसं वरच मोडायला लागतो, त्यामुळे वितळवून साच्यात घालायला जागाच कमी उरते. पीएलएवर वॉलेस कॅरोदर्स यांनी 1930 च्या दशकात काम केलं. मोठ्या प्रमाणावरचा कारखाना अमेरिकेत 2002 मध्ये सुरू झाला. म्हणजे रेणू माहीत असणं आणि पदार्थ लोकांच्या हातात असणं यांत अनेक दशकं गेली. ही दशकं वितळवणं, सुकवणं, स्फटिकीकरणाचा वेग, शुद्धीकरणाचा खर्च अशा प्रश्नांत गेली आणि ते प्रश्न सोडवणाऱ्या माणसांची करिअर त्यातच घडली. या क्षेत्रात नोकरी नव्या रेणूच्या शोधापेक्षा या मधल्या वाटेवर जास्त आहे. पॅकेजिंग, चिकटद्रव्यं, कोटिंग, जखमेवरच्या पट्ट्या, औषध हळूहळू सोडणारी जेल, कागद आणि कापड, या सगळ्यांना ही वाट चाललेला माणूस हवा असतो.

विद्यापीठ आणि उद्योग यांत तुम्ही आज निवड करण्याची गरज नाही. पण दोन्हीकडचं मोजमाप वेगळं असतं हे माहीत हवं. विद्यापीठात विचारतात की यातून नवं काय कळलं. उद्योगात विचारतात की 1 ग्रॅमचं 1 किलो केलं तर काय बिघडलं, किती पाणी आणि वीज लागली, विद्रावक परत मिळाला का. नॅनोसेल्युलोजच्या बाबतीत विरळ द्रावणातलं पाणी काढणं हाच मोठा खर्च असतो. पूर्ण सुकवलं तर तंतुक एकमेकांना कायमचे चिकटतात आणि पाण्यात परत सुटत नाहीत, न सुकवता पाठवलं तर मुख्यतः पाणीच वाहून नेलं जातं. पीएच.डी.त एखादं प्रकरण तरी अशा प्रमाणवाढीवर किंवा जीवनचक्र विश्लेषणावर (कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतच्या परिणामांच्या हिशेबावर) ठेवलंत तर दोन्ही दारं उघडी राहतील. पेटंटचा विचार असेल तर पेपर, पोस्टर किंवा प्रबंधाची जाहीर प्रत यांच्याआधी अर्ज व्हायला हवा. बऱ्याच देशांत आधी जाहीर झालेली गोष्ट नवी मानली जात नाही. आणि नॅनोकण निसर्गातून आले म्हणून निरुपद्रवी असं धरून चालू नका. कोरडी नॅनोपावडर श्वासात जाऊ नये याची काळजी कोणत्याही बारीक तंतुमय धुळीसारखीच घ्यायची.

आता नावं. संश्लेषण आवडत असेल तर तुमच्या यादीबाहेरचं सुचवते: फ्युरान किंवा वनस्पती तेलांवर आधारित उलटणारी जाळी. तुमचा एम.एस्सी.चा पाया तिथे लगेच उपयोगी पडेल. मोजमाप, भौतिकी आणि यांत्रिक वर्तन आवडत असेल तर नॅनोसेल्युलोज, कारण त्यात कण, पृष्ठभाग, पाणी आणि यांत्रिकी हे सगळं एकत्र शिकायला मिळतं आणि ते शिक्षण पुढे कोणत्याही नॅनोमिश्रणात चालतं. जीवशास्त्राकडे ओढा असेल आणि चांगली जैविक सहयोगी प्रयोगशाळा हाताशी असेल तर कायटोसन. पेशींचे प्रयोग करणारा जोडीदार नसेल तर त्यात पडू नका, काम अर्धवट राहतं. पीएलए एकटा घेऊ नका. त्याच्यावर प्रचंड काम झालेलं आहे. त्याचं एखादं विशिष्ट दुखणं, उदाहरणार्थ संथ स्फटिकीकरण किंवा ठिसूळपणा, प्रश्न म्हणून समोर असेल तर मात्र जरूर घ्या.

गाइड निवडताना त्यांच्या पेपरांची संख्या बघण्याआधी त्यांच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा आणि थेट प्रयोगपद्धतीचं प्रकरण वाचा. नमुने कोणत्या आर्द्रतेला ठेवले, किती नमुने तोडून सरासरी काढली, कच्च्या मालाची बॅच नोंदली आहे का, फसलेले प्रयोग परिशिष्टात तरी दिसतात का? शक्य झालं तर त्या विद्यार्थ्यांशी बोला आणि विचारा, की एखादा आकडा दुसऱ्यांदा वेगळा आला तेव्हा गाइड काय म्हणाले. "पुन्हा मोजू या आणि का ते शोधू या" असं उत्तर मिळालं, तर पदार्थ तुमच्या यादीतला नसला तरी त्या प्रयोगशाळेत अर्ज करा.